पेटीत न मावलेली ठकूबाई

मला डोके नाही, हात नाहीत, आणि पायांच्या जागी लोखंडी तिपाई आहे. त्यामुळे मित्रांनो, मला तुम्हाला नमस्कारही करता येत नाही आणि उठून तुमच्याजवळ येताही येत नाही. तुम्हीच थोडे पुढे सरका. मी एक जुनी बाहुली आहे. खेळातली नव्हे, कामातली. कपडे शिवणारी माणसे बेतलेले कापड टाचण्या लावून माझ्या अंगावर चढवतात, दोन पावले मागे सरून पाहतात आणि मग ठरवतात, कुठे सैल झाले, कुठे घट्ट. मी अंगावर कपडा घेऊन स्वस्थ उभी राहते. हेच माझे काम आणि हेच माझे आयुष्य.

अकोल्याच्या या शिवणवर्गात नव्या मुली येतात तेव्हा मला पाहून आधी दचकतात. एखादी धीट मुलगी विचारतेच, हिचे मुंडके कुठे गेले? बाळांनो, मुंडके मला कधीच नव्हते. टोप्या शिवायच्या असत्या तर दिले असते.

माझा जन्म लंडन शहरातला. कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून एका कारागिराने मला घडवले, वाळवले आणि वरून तागाचे कापड ताणून बसवले. छाती, कंबर, पाठ, सगळे त्याने एका ठरलेल्या मापाबरहुकूम केले. ते माप कोणत्या बाईचे, हे त्यालाही ठाऊक नव्हते. कंबर मात्र इतकी बारीक ठेवली होती, की मी जेवणारी बाहुली असते तर उपाशीच मेले असते. मग माझ्यासाठी एक लाकडी पेटी केली. आतून माझ्याच आकाराची खोबण आणि तिला मऊ अस्तर. मी त्या पेटीत अशी बसायचे, जसा शेंगेच्या टरफलात शेंगदाणा. ही पेटी तेवढी लक्षात ठेवा. पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

ज्या बाईने मला विकत घेतले तिचे नाव एलेन क्रॉफ्ट. बंदराजवळच्या गरीब वस्तीत वाढलेली. लहान वयात ती एका कारखान्यात गुंड्या शिवायला लागली. गुंड्यांवरून शिलाईवर आली, शिलाईवरून कापड बेतण्यावर, आणि शेवटी एका मोठ्या दुकानासाठी कपड्यांची घडण ठरवू लागली. तिचे काम तयार कपड्यांचे होते. तयार कपडे म्हणजे काय, हे तुम्हाला आज सांगावे लागत नाही. पण त्या काळी श्रीमंत लोक माप देऊन कपडे शिवून घेत आणि गरीब लोक श्रीमंतांनी टाकलेले घालत. एलेनला ते खटके. ती म्हणे, माणसाने कपड्याची वाट पाहू नये. कपड्याने माणसाची वाट पाहावी.

तिने शाळकरी मुलींसाठी एक फ्रॉक काढला. त्याच्या शिवणींत ती भरपूर जादा कापड दाबून ठेवी. मुलगी वाढली की आईने शिवण उसवायची, कापड मोकळे सोडायचे, पुन्हा टीप मारायची. फ्रॉक आणखी वर्षभर चाले. शिवणीत राखलेल्या अशा कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. एलेनचे हात मायेला कधी आखडले नाहीत. दुकानाचा मालक कुरकुर करी, पण तिचे फ्रॉक इतके खपले, की शाळा सुटली म्हणजे रस्ताभर तेच धावताना दिसत.

मग मंदी आली. दुकान बंद पडले. एलेनचा भाऊ आर्थर त्या वेळी अमरावतीला कापसाच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा साहेब होता. त्याने बहिणीला बोलावून घेतले. तिने कपडे एका ट्रंकेत भरले, मला पेटीत झोपवले, आणि आम्ही दोघी बोटीने निघालो.

मित्रांनो, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता आणि कारभार नागपूरहून चाले. अमरावतीत जिकडेतिकडे कापूस. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, झाडांच्या फांद्यांना अडकलेला कापूस, हवेत तरंगणारा कापूस. क्रॉफ्ट साहेबाच्या बंगल्याच्या ओसरीवर मला उभे केले, तेव्हा संध्याकाळपर्यंत माझ्या खांद्यावरही त्याचा पातळ थर जमला. एलेनने प्रथम कॅम्पातल्या साहेबांच्या मुलींसाठी फ्रॉक शिवले. मुली इनमीन चार. वर्षाला एकेक फ्रॉक घेतला की काम संपले. एलेन उदास होऊन ओसरीवर बसे आणि रस्ता पाही.

त्याच रस्त्याने रोज सकाळी बाया जिनात जात. सरकीपासून कापूस वेगळा करणाऱ्या कारखान्याला वऱ्हाडात जिन म्हणतात. दसऱ्यानंतर जिन सुरू होतात. बाया यंत्रांत कापूस घालतात, आणि त्यांच्या डोक्यावरून, बाजूने, कातडी पट्टे गरागरा फिरत असतात.

एके दिवशी आर्थर जेवताना म्हणाला, आज एक बाई थोडक्यात वाचली. पार्बताबाई तिचे नाव. चोळी खांद्यावर फाटलेली होती, म्हणून ती पदर सारखा ओढून घेत होती. पदराचे टोक पट्ट्यात गेले. तिच्या टोळीची मुकादमीण माणिकबाई हिने झडप घालून तिला मागे खेचले. लुगडे फाटले, बाई वाचली.

एलेनने विचारले, तिने नवी चोळी का नाही शिवली? दुसऱ्या दिवशी एलेन स्वतः विचारायला गेली. उत्तर साधे होते. कापड नवरात्रातच शिंप्याकडे टाकले होते. दिवाळीची गर्दी, मग लग्नसराईची गर्दी. ते फळीवर पडून होते. निम्म्या टोळीची तीच गत. एलेन घरी आली ती ताठ मानेने. इथे कपडा पाहिजे होता, आजच पाहिजे होता, आणि पुष्कळ बायांना पाहिजे होता. तिची विद्या याच कामाची होती.

तिला जोडीला मिळाली अनवरी. अब्दुल रहीम शिंप्याची ही थोरली मुलगी. बापाच्या दुकानात पुरुषांचे कपडे शिवले जात; बायकांच्या चोळ्या आणि कुडत्या घरात अनवरी शिवी. तिचा हात देखणा आणि तोंड फटकळ. एलेनने तिला विचारले, आपण दोघी मिळून तयार चोळ्या काढू या का? अनवरीने दोन दिवस विचार केला आणि मशीन उचलून ओसरीवर आणून ठेवले. अब्दुल रहीम पाहायला आले. पान चघळत त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटी, शिंपी गिऱ्हाइकाचं कापड शिवते. तुमी गिऱ्हाईक नसताना शिवून राहिल्या. हे शिलाई नोय, हा जुगार हाय.” पण जाताना आपली चांगली कात्री लेकीच्या मशीनवर ठेवून गेले.

आता मापे हवी होती. वऱ्हाडातल्या बाया अंगाचे माप देत नसत. परक्या माणसाने फीत घेऊन अंगाभोवती फिरायचे, हे त्यांना चालत नसे. त्या शिंप्याकडे एक जुनी चोळी पाठवत. तिला मापाची चोळी म्हणत. अनवरीही तशीच शिवत आली होती. म्हणून माणिकबाईला सांगितले, की टोळीतल्या सगळ्यांच्या मापाच्या चोळ्या आण. माणिकबाई टोपलीभर चोळ्या घेऊन ओसरीवर आली. टोपली खाली ठेवता ठेवता तिची नजर माझ्यावर गेली.

“हे ठकूबाई कोन वो? मुंडकं इलायतेतच राह्यलं काय हिचं?”

त्या दिवसापासून माझे नाव ठकूबाई पडले. ते आजतागायत टिकले आहे.

एलेनने टोपलीतल्या चोळ्यांचे तीन ढीग केले. लहान, मधला, मोठा. त्यांवरून पुठ्ठ्याचे तीन फर्मे कापले. छिटाचे कापड आणले, लाल आणि निळ्या बुट्ट्यांचे. दोघी कामाला लागल्या. एलेन बेतत होती, अनवरी शिवत होती, आणि तयार झालेली प्रत्येक चोळी माझ्या अंगावर चढत होती. मित्रांनो, काय सांगू, मोठ्या ढिगातली चोळीसुद्धा माझ्या अंगावर चपखल बसली. एक सुरकुती नाही. दोघी खूश झाल्या, मीही खूश झाले. आमच्यापैकी एकीच्याही मनात आले नाही, की लंडनच्या कागदी बाईला जी चोळी चपखल बसते, ती जिनातल्या बाईला कशी बसेल?

सुटीच्या दिवशी टोळी ओसरीवर आली. आर्थर साहेबाला बाहेर पाठवून आडोशाला बांबूच्या चिका सोडल्या. माणिकबाई पुढे झाली, तिने दोन्ही हात चोळीत घातले. कोपराच्या वर चोळी सरकेना. तिने जोर केला, दात आवळले, पुन्हा जोर केला. मग तशीच, दोन्ही हात अडकलेले, एलेनकडे वळून म्हणाली, “मडम, हे माह्यासाठी शिवली का माह्या नातीसाठी?”

बाया खदखदून हसल्या. पार्बताबाईच्या अंगात कशीबशी शिरली. पण पुढची गाठ मारायला टोके जुळेनात, आणि हात वर करताच बगलेत टरकन फाटली. आणखी दोघींनी करून पाहिले. तीच गोष्ट. ओसरीवर हसण्याचा नुसता कल्लोळ. एलेन मात्र पांढरी पडली होती.

अनवरी भडकली. “माप तुमीच देल्लं ना वो माय?”

“देल्लं नं. लगनातली चोळी देल्ली,” माणिकबाई म्हणाली. “अंगातली काढून देल्ली असती, त जिनात काय घालून गेली असती?”

हसणे थांबले. अनवरीने एकेकीला विचारले. सगळ्यांनी तेच केले होते. रोजच्या वापरातल्या चोळ्या दोन. त्यातली देणार कशी? घडी करून ठेवलेली जुनी चोळी जिच्या तिच्या गाठोड्यात होतीच, तीच दिली. आम्ही ज्याला जिनातल्या बायांचे माप समजत होतो, ती टोपलीभर नवऱ्या मुली होत्या. मुली कधीच्याच मोठ्या झाल्या होत्या, ओझी उचलून त्यांचे दंड भरले होते, लेकरे होऊन अंग भरले होते.

मग अनवरीने कपाळावर हात मारून घेतला. तिला आठवले, की तिच्या घरी चोळी पाठवणारी बाई सोबत एक निरोपही पाठवते. बाई, बोटभर ढिली शिवजो. कोणाला एक बोट, कोणाला चार. अनवरी निरोप ऐकून बेतायची. टोपलीतून चोळ्या आल्या, निरोप घरीच राहिले.

त्या संध्याकाळी आर्थरने माझी पेटी माळ्यावरून काढून ओसरीत आणून ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. त्याची नोकरी संपत आली होती. पौष सरताच तो विलायतेला परतणार होता. एकट्या बहिणीला परक्या मुलखात कशाच्या भरवशावर ठेवू, असे तो म्हणाला. शेवटी दोघा भावंडांचे असे ठरले. पौषात बहिरमची मोठी यात्रा भरते. तिथे चोळ्या खपल्या, तर एलेनने राहावे. यात्रा उठेपर्यंत नाही खपल्या, तर मशीन अनवरीच्या घरी, मी पेटीत, आणि बहीण भावासोबत बोटीवर.

पेटीचे झाकण उघडे होते. आतली माझ्या आकाराची खोबण मला दिसत होती. मला बंद होण्याची भीती नव्हती. मी तशीच आले होते. पण पार्बताबाईचा पदर पुन्हा त्या पट्ट्याजवळ जाणार, हे मला समजत होते. एलेनलाही समजत होते. तिने फाटलेली चोळी हातात घेतली, उलटी केली आणि शिवण बोटाने चाचपली. तिच्या हाताला जाड लागले. तिने आपल्या जुन्या सवयीने प्रत्येक शिवणीत भरपूर माया ठेवली होती. एकही चोळी वाया गेली नव्हती. सगळ्या उसवून मोठ्या करता येत होत्या. पण किती मोठ्या, आणि नेमक्या कुठे?

उत्तर माणिकबाईने आणले. दुसऱ्या सुटीला ती डोक्यावर एक गाठोडे घेऊन आली. त्यात स्वच्छ पिंजलेला कापूस होता. तिने गाठोडे माझ्या पायाशी टाकले.

“आमाले फीत लावू नोका, लाज वाटते. मी ठकूबाईच्या बाजूले उभी राहतो. तुमी तिले माह्याएवढी करा.”

मित्रांनो, असा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही. माणिकबाई कमरेवर हात ठेवून माझ्या शेजारी उभी राहिली. अनवरी माझ्या अंगावर कापसाचा थर थापी, एलेन त्यावर मांजरपाटाची पट्टी गुंडाळून टाके घाली, आणि ओसरीवर बसलेल्या बाया सूचना देत. पाठीवर अजून टाका. कंबर कुठं हाय तिले, कंबर द्या. पोटाले हात आखडता घेऊ नोका, तीन लेकरं हायेत ठकूबाईले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला हात नव्हते, म्हणून अनवरीने कापडाचा एक हात शिवला, त्यात कापूस ठासून भरला आणि माझ्या उजव्या खांद्याला जोडला. एलेनने तो हात वर उचलला, जसा जिनातली बाई टोपले डोक्यावर घेताना उचलते. चोळी लगेच बगलेत ताणली. सगळ्यांनी एकदम पाहिले. फाटण्याचे ठिकाण तिथेच होते.

अनवरी म्हणाली, मर्दांच्या कुडत्याला बगलेखाली चौकोनी तुकडा जोडतात, त्याला चौबगला म्हणतात; चोळीला का नको? एलेनने तुकडा कापला. पण सरळ चौकोन बसवला तर बगलेत कापडाचा बोंगा होई. मग तिने तो तिरपा कापून बसवला. कापड तिरपे धरले, की ताण पडताच थोडे ओढते आणि फाटत नाही. माझा हात वर गेला, चोळी बरोबर वर गेली, आणि खाली आला तेव्हा आपल्या जागी बसली. अनवरीने ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. अब्दुल रहीम त्या दिवशी मुद्दाम येऊन ओसरीबाहेर उभे राहिले. लेकीने ती चोळी बाहेर नेऊन दाखवली. त्यांनी बगलेतली शिवण नखाने खरवडून पाहिली आणि फक्त एवढेच विचारले, की माझी कात्री धार धरते ना.

त्यानंतर मशीन थांबलेच नाही. सगळ्या चोळ्या उसवल्या, बाजूला मोकळ्या केल्या, बगलेत तुकडा घातला. पौष लागला. मोटार लॉरीत गाठोडी भरली, वर मला आडवी बांधली, आणि आम्ही परतवाड्याच्या रस्त्याने बहिरमला गेलो.

बहिरमची यात्रा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. डोंगराच्या पायथ्याशी कापडी पालेच पाले. कणकेचे रोडगे भाजणाऱ्या गोवऱ्यांचा धूर, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, भांड्यांची दुकाने, जात्यांची दुकाने. आमचे पाल एका जातेवाल्याच्या शेजारी होते. मला पुढे उभे केले, अंगात लाल बुट्ट्यांची चोळी. बाया थांबत, कापड बोटांत धरून पाहत, आणि विचारत, “कोनाची हाय हे चोळी?” अनवरी सांगे, कोणाची नाही, विकायची आहे. ते ऐकताच त्या हात मागे घेत.

एलेनला कळेना. सोबत आलेल्या माणिकबाईने तिला समजावले. आमच्याकडे चोळी आधी कोणाची तरी असते, मग शिवली जाते. शिवून झालेली चोळी कोणाचीच नाही, म्हणजे काय समजायचे? एक तर कोणीतरी टाकून दिली, नाहीतर घालणारी मरून गेली. मेलेल्या बाईची चोळी सणावाराला कोण अंगात घालील?

असेच दिवस गेले. यात्रा भरात आली, आमची गाठोडी तशीच. आर्थर एकदा येऊन पाहून गेला. अनवरी पालाच्या आत गाठोड्यांना टेकून बसे. एलेन माझ्या चोळीवरची धूळ झटकी, पुन्हा झटकी.

आणि मग बाजाराचा दिवस आला. सकाळपासून बायांची रीघ. एक म्हातारी माझ्यासमोर थांबली आणि तिने तोच प्रश्न विचारला. कोनाची हाय हे चोळी?

माणिकबाई उठली. ती पालाच्या मागे गेली आणि आली तेव्हा तिच्या अंगात तीच चोळी होती, लाल बुट्ट्यांची. तिने पदर कमरेला खोचला, शेजारच्या जातेवाल्याला बाजूला सारले, जात्याची वरची जड दगडी तळी दोन्ही हातांनी धरली आणि एका दमात डोक्याच्या वर उचलून धरली. तिने हळूहळू गोल फिरून सगळ्यांना आपल्या बगला दाखवल्या. एक टाका सुटला नव्हता. तळी डोक्यावर असतानाच ती त्या म्हातारीला म्हणाली,

“जिच्या अंगाले बसते, तिची.”

जातेवाला म्हणाला, “बाई, आता तळी खाली ठेव, माहा जीव वर आला.” सगळे हसले. म्हातारीही हसली. तिने सोबतच्या सुनेला पुढे ढकलले, आणि सून पालामागे गेली. ती चोळी घालून बाहेर आली, तिने एक हात वर केला, मग दुसरा, आणि लाजत लाजत सासूकडे पाहिले. म्हातारीने आपल्या कपाळाचे कुंकू बोटावर घेऊन नव्या चोळीच्या कोपऱ्याला लावले. म्हणजे चोळी आता बिनमालकाची राहिली नव्हती.

त्यानंतर पालामागे रांग लागली. अनवरी ओरडून ओरडून मापे सांगत होती, एलेन गाठोडी सोडत होती, माणिकबाई प्रत्येकीला हात वर करायला लावत होती. हात वर करून पाहिल्याशिवाय चोळी न्यायची नाही, असा तिने दंडकच घातला. यात्रा उठायच्या आतच गाठोडी संपली. शेवटी माझ्या अंगातलीसुद्धा काढून दिली आणि मला एका चादरीत गुंडाळले. आर्थर आला तेव्हा रिकाम्या पालात त्याची बहीण एका हातात रोडगा धरून बसली होती आणि वऱ्हाडी बोलत होती. त्याने रिकामी गाठोडी पाहिली, टोपी काढली आणि सांगितले, की बोटीचे एकच तिकीट काढतो.

पुढची वर्षे आनंदाची होती. अमरावतीत ओसरीची जागा पुरेना, तेव्हा मोठे घर घेतले. आमच्या चोळ्या अंजनगाव सुर्जीच्या बाजारात गेल्या, खामगावला गेल्या. अकोल्याच्या जिनांत तर त्या इतक्या पसरल्या, की अनवरीने तिथे दुसरा कारखाना घातला. लोक तिला ‘बहिरमची चोळी’ म्हणत. पार्बताबाईने आपली पहिली चोळी विटेपर्यंत वापरली, आणि पदर कमरेला घट्ट खोचून ती यंत्रापुढे उभी राहू लागली. एलेन मडम वऱ्हाडी बोलते म्हणून कॅम्पातल्या बाया तिची थट्टा करीत. ती त्यांना म्हणे, “मले समजते, तुमाले समजत नाई, त मी काय करू?”

दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा लंडनहून बोलावणे आले. युद्धात तिकडच्या बायाही कारखान्यांत गेल्या होत्या, आणि काम करणाऱ्या बायांसाठी तयार कपडे कोण काढील, याचा शोध चालला होता. एका मोठ्या दुकानाने त्या सगळ्या विभागाची मुख्य म्हणून एलेनला बोलावले. गुंड्या शिवणारी मुलगी तिथे मुख्य होऊन परतणार होती. सगळ्यांना अभिमान वाटला, सगळ्यांना वाईट वाटले.

निघायच्या दिवशी माळ्यावरून माझी पेटी काढली. अस्तराला थोडी कसर लागली होती, बाकी ती जशीच्या तशी. अनवरीने आणि एलेनने मला उचलून खोबणीवर ठेवले. मी आत जाईना. खांदे अडले. पोट तर खोबणीच्या वरच राहिले. त्यांनी मला एका कुशीवर केले, दाबले, झाकण टेकवून पाहिले. झाकण आणि पेटी यांच्यात हातभर फट राहिली. एलेन म्हणाली, कापूस काढून घेऊ का?

माणिकबाई दारात उभी होती. आता तिचे केस पिकले होते. ती म्हणाली, “कावून काढता? तुमी लगनातल्या चोळीत बसवून राहिल्या तिले.”

एलेन हसायला लागली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मला पेटीतून बाहेर काढले. अनवरीने मला पुन्हा तिपाईवर उभे केले. एलेनने माझ्या कापडी हाताला हात लावला, तो एकदा वर केला, खाली सोडला. ती म्हणाली, तिकडे गेल्यावर मी नवी बाहुली घेईन, पण कामावरच्या एका बाईला आधी तिच्या शेजारी उभी करीन. रिकामी पेटी तिने सोबत नेली नाही. तिच्यात अनवरी अजून कापडाचे तुकडे ठेवते.

मला अकोल्याला आणले. काही वर्षांत कारखान्यात मशीनच मशीन झाली, आणि मी कोपऱ्यात गेले. कोणी माझ्या खांद्यावर छत्री अडकवी, कोणी टोपली. वाईट वाटे, पण पुष्कळ दिवस नाही. अनवरीने कारखान्याशेजारी मुलींचा शिवणवर्ग काढला आणि मला धूळ झटकून तिथे आणले. आता ती चष्मा लावून शिकवते. मुली बेततात, मी अंगावर घेते. पहिला धडा मात्र कापडाचा नसतो. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीला माझा हात वर करून पाहावा लागतो.

मित्रांनो, आता माझे एकच मागणे आहे. माझ्या अंगातला कापूस खाली बसला आहे. पाठ सपाट झाली आहे, दंड ढिला पडला आहे. मला झाकून ठेवा, ओल लागू देऊ नका, टाचण्या काढल्याशिवाय घरी जाऊ नका, हे तर कराच. पण कधी मला नव्याने भरायला बसलात, तर माणिकबाईची आठवण काढून जुने माप धरू नका. तिच्यासारखी बाई आज कुठे काम करते, काय उचलते, कशी वाकते, ते जाऊन पाहा. तिला हाक मारा. तिला माझ्या शेजारी उभी करा. आणि मग गाठोडे सोडा.